मागच्या चाकाचा शॉक

“मग, बसला का शॉक नीट?” डव्रिगने विचारलं.

मेरेरिद बेकरीतून बाहेर पडत होती. आवाज डावीकडून आला म्हणून तिने पुरती मान वळवली, तेव्हा कुठे सायकलच्या दुकानाच्या दारात उभा असलेला डव्रिग तिला दिसला.

“कुठला शॉक?”

“तुझ्या सायकलचा, मागचा शॉक अॅब्सॉर्बर. त्या मापाचा आता कोणी बनवत नाही. एका जर्मन माणसाच्या माळ्यावर पडलेला निघाला. इदवाल घेऊन गेला की, झाले बरेच दिवस.”

“मला तर म्हणाला, मिळतच नाही.”

डव्रिग “मी काही बोललो नाही हं,” असं पुटपुटत आत गेला.

मेरेरिद पाव घेऊन घरी गेली नाही. ती चढाच्या रस्त्याने सरळ भावाच्या, इदवालच्या घराकडे निघाली.

गावात तिला सगळे शाळेच्या स्वयंपाकघरातली मेरेरिद म्हणून ओळखत. अर्ध्या गावाने लहानपणी तिच्या हातचं खाल्लं होतं. तिच्या चाळिशीत नवरा कार्डिफला निघून गेला, तो परत आलाच नाही. त्या वर्षी तिने कोणाची तरी वापरलेली डोंगरी सायकल घेतली. पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली. शनिवारी सकाळी ती सायकल ढकलत स्लेटच्या, म्हणजे पाटीच्या दगडाच्या, जुन्या खाणीपर्यंत चढे आणि दगडधोंड्यांतून गावात उतरे. बायका हसल्या, पाद्रीबुवांनी काळजी व्यक्त केली. ती उतरत राहिली. काही मोडलं, झिजलं की इदवाल दुरुस्त करून देई. तो धाकटा, पाणीपुरवठ्याच्या पंपांवर मेकॅनिक होता, हाताला यश होतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी तिच्या नजरेच्या कडा मिटायला लागल्या. आईचाच आजार. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण नळीतून बघावं तेवढंच. आणि अंधारात काहीच नाही. त्यातच सायकलचा मागचा शॉक तेल गाळायला लागला. त्यात हवा भरली तरी टिकेना, प्रत्येक दगडावर खणकन आदळे. शेवटी तिने सायकल इदवालच्या शेडमध्ये आणून टाकली, त्याला आता सहा महिने होत आले होते.

इदवाल शेडमध्ये एका पंपाची मोटर उघडून बसला होता. तिच्या चेहऱ्याकडे बघताच त्याने पाना खाली ठेवला.

“डव्रिग भेटला,” ती म्हणाली.

तो उठला. रंगाच्या डब्यांमागून एक खोकं काढून त्याने बाकावर ठेवलं.

“खोटं कशाला बोललास?”

“मग काय करू? तुझ्या हाताने मान मोडून घे म्हणून सायकल सजवून देऊ?”

“मान माझी आहे.”

“हो, आणि तुला खाली उचलून आणणार कोण? मीच ना? मेरेरिद, तुला टेबलाचा कोपरा दिसत नाही गं. मांड्या बघ, काळ्यानिळ्या झाल्यात.”

“टेबल डोंगरावर नसतं.”

“चेष्टा करू नकोस. आई कशी शेवटपर्यंत नीट राहिली. एकदासुद्धा पडली नाही.”

“पडेल कशी? आपण तिला खुर्चीतून उठू दिलं का?” मेरेरिदचा आवाज चढला नव्हता. “मीच तर तिला चहा हातात नेऊन द्यायचे. शेवटी शेवटी ती मला विचारायची, बाहेर अजून तेच घर आहे का गं समोर? आठवतंय?”

इदवालने मोटरकडे पाहिलं.

“नवी तरी घे मग. हलकी, ब्रेक चांगले…”

“नवी शिकायला डोळे लागतात. ही मला पाठ आहे. बसवतोस, की मी बसवू?”

उत्तराची वाट न बघता तिने कोट काढून खिळ्याला अडकवला, सायकल स्टँडवर चढवली आणि बोटांनी चाचपत जुन्या शॉकचा खालचा बोल्ट शोधला. पाना बसवला, जोर दिला. बोल्ट करकरत सुटला. वरचाही सुटला, पण त्याच्याबरोबर एक बारीक वायसर टणकन फरशीवर पडला. ती खाली बसली आणि तळहाताने फरशी पुसल्यासारखी शोधू लागली. वायसर तिच्या गुडघ्याला लागूनच होता. इदवाल तो बघत उभा राहिला. तिचा हात एकदा अगदी जवळून गेला.

“उजव्या गुडघ्यापाशी,” अखेर तो म्हणाला.

तिने वायसर उचलला. त्यानंतर मात्र तो बाजूला उभा राहू शकला नाही. दोन्ही टोकांचे बुश, बोल्टभोवती बसणारी धातूची कडी, त्यानेच बाकावरच्या व्हाइसच्या पकडीत धरून नव्या शॉकमध्ये दाबून बसवले. तिने बोल्ट पुसून ग्रीस लावलं. शॉक जागेवर आला तेव्हा इदवालने आधी त्यातली सगळी हवा सोडली आणि सीट दाबत सायकल पार खालपर्यंत बसवून पाहिली. टायर कुठे फ्रेमला घासतंय का म्हणून. घासत नव्हतं. मग त्याने पंप लावला.

“वजन सांग.”

“तुला काय करायचंय?”

“त्याच्यावर हवा ठरते.”

तिने सांगितलं. त्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

“बरं, आणखी चार किलो धर,” ती म्हणाली.

त्याला हसू आलंच. हवा भरता भरता तो म्हणाला, “मी पुढे असणार. मी थांब म्हणालो की थांबायचं.”

“तू? तू सायकलवर बसलास त्याला किती वर्षं झाली?”

“डव्रिगकडून आणतो एखादी. तोंड त्यानेच उघडलं ना, तेवढं तो देणं लागतो मला.”

रविवारी दोघांनीही चर्च बुडवलं. हवा कोरडी होती, ढग उंचावर. इदवालने कामावरचं पिवळंजर्द जाकीट घातलं होतं, म्हणजे तिच्या नजरेच्या नळीत ते ठळक दिसेल. खाणीपाशी दोघं आपापल्या सायकलवर बसले.

“डावं वळण!” तो ओरडे. “सुटे दगड! आता पायरी!” मागून स्लेटचे तुकडे वाजत येत होते, ते तिच्या चाकाखालचे. तो आवाज थांबला की तो ब्रेक दाबून मान वळवी, पुन्हा सुरू झाला की ब्रेक सोडे. ती मात्र कधी नव्हे अशी मोकळी उतरत होती. आदळणं नव्हतं, खणखणाट नव्हता. दगड चाकाखाली येत आणि सायकल ते गिळून टाकी. मेंढ्यांच्या फाटकाशी ते थांबले तेव्हा तिचे गाल लाल झाले होते.

“किती छान बसलाय,” ती म्हणाली. “इतकी वर्षं मला वाटायचं मीच वाईट चालवते.”

फाटकाखाली स्प्रूसच्या सूचीपर्णी झाडांचं रान लागे, आणि रानात खडकाच्या उभ्या पायऱ्या. तिथे तिला अडवायचं, हे इदवालने आधीच ठरवलं होतं. काय बोलायचं तेही जुळवून ठेवलं होतं. झाडांच्या सावलीत पहिल्या पायरीपाशी त्याने सायकल थांबवली आणि वळून पाहिलं.

मेरेरिद आधीच सायकलवरून उतरली होती. पुढचं चाक एका मुळावरून उचलून ठेवत ती चालत येत होती.

“इथून पुढे मला दिसत नाही,” ती म्हणाली. मीठ संपलंय, असं सांगावं तशी.

इदवालला जुळवून ठेवलेलं काही बोलावंच लागलं नाही. “हळूहळू जमेल,” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्याचं त्याला नवल वाटलं. “मी सांगतो ना, एकेक पायरी. तुला पाठ आहेत या.”

“पाठ आहेत. पण नको.”

“मग आण इकडे, मी नेतो.”

“माझी मी नेते.”

ती उताराच्या बाजूला सायकल धरून उतरू लागली. तो आपली सायकल ढकलत मागून चालत राहिला. अर्ध्या वाटेवर वरून चाकांचा आवाज आला. इदवालच्या आधी तिने तो ऐकला. तिने सायकल कडेला घेतली, पाठ ताठ केली आणि वर तोंड करून ओरडली, “या खुशाल, वाट मोकळी आहे!”

तिघे-चौघे सायकलस्वार धडधडत गेले. कोणीतरी जाता जाता आभार मानले. चाकांचा आवाज खाली ओढ्यापर्यंत पोचून विरेस्तोवर ती तशीच उभी होती. मग तिने पायाने पुढची पायरी चाचपली आणि सायकल हलकेच खाली उतरवली.