चार चित्रं

धोंडिराम गेल्यानंतरचा जलदानविधी उरकून पाहुणे पांगले, तशी सुंदराबाई लेकीसमोर येऊन बसली. घाटकोपरच्या त्या दीड खोलीत आता दोघीच होत्या.

“सपना, तुझ्या मशीनला विचार. त्या दुपारी तुझ्या बाबांनी मला बोलावलं होतं का?”

दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं धोंडिरामांची वाचा गेली. अंधेरीच्या कंपनीत प्रोग्राम लिहिणाऱ्या सपनानं त्यांच्या उशाशी टॅब लावून दिला. त्यावर चार चित्रं: पाणी, चहा, औषध आणि ‘ये ना’. बोट टेकलं की सुंदराबाईचा फोन नुसता वाजायचा, मिस्ड कॉलसारखी खूण मागे ठेवायचा नाही. सगळ्यात जास्त वाजायचं ते ‘ये ना’. ती हात पुसत यायची, “काय हवंय आता?” तर ते नुसते हसायचे. चाळीस वर्षांच्या संसारात कधी ‘ये’ म्हणाले नव्हते, नि वाचा गेल्यावर सुचलं.

त्या दुपारी ती दळण आणायला गिरणीवर गेली. फोन ओट्यावर चार्जिंगलाच राहिला. गिरणीवर बायका भेटल्या, बोलणं लांबलं. परतली तेव्हा सगळं संपलं होतं.

सपनानं लॅपटॉप उघडला आणि यादी पुन्हा पुन्हा वाचली.

“अगं, आहे की नाही?”

“‘ये ना’ आहे, आई. पण एकच.”

“त्या दिवशीचं?”

“ते नाही कळत.” सपनानं लॅपटॉप आईकडे वळवला. “मी ऑफिसातून बघायचे, बाबा काय काय मागतात ते. हात थरथरायचा ना त्यांचा, एका चहाचे दहा चहा दिसायचे. म्हणून मीच तसं केलं. बोट टेकलं की त्या चित्राच्या नावाची पुडी बांधायची नि या लॅपटॉपच्या मेमरीतल्या सेटमध्ये टाकायची. सेट म्हणजे असा डबा, की तीच पुडी आत असली तर दुसरी घेतच नाही. पुडीत वेळ टाकली असती तर प्रत्येक वेगळी राहिली असती. मुद्दाम नाही टाकली गं.”

“दोन वर्षं बोलावलं त्यांनी. त्याचं एकच?”

“एकच. तेही लॅपटॉप चालू आहे तोवर. दोन वर्षं बंद नाही केला; केला की मेमरी पुसली जाईल.”

“मग बंद नको करू.”

सुंदराबाई उठली. रिकाम्या पलंगावर त्यांच्या जागी आडवी झाली आणि ‘ये ना’वर बोट टेकवलं. चार पावलांवर, ओट्यावर, फोन खणखणला.

“इथनं ऐकू येतो की गं,” ती म्हणाली. “मी घरात नाही हे कळलं असेल का त्यांना? की आहे, पण येत नाही, असं वाटलं असेल?”

सपनानं लॅपटॉप पुन्हा जवळ ओढला.

“माझं गेलं का आत?”

स्क्रीनवर चारच पुड्या होत्या.

“नाही, आई. ते आधीच आहे.”

सुंदराबाईनं पुन्हा बोट टेकवलं. फोन वाजत राहिला. सपना उठली आणि पलंगापाशी आली.