तिकडचा रुपया

“ठेव ते सूप खाले.”

भिकुबाईचा हात गव्हातच थांबला. सासू, कौसाबाई, माजघराच्या दारात उभी होती. तिचा आवाज कधी चढत नसे, आजही चढला नव्हता. पण सुनेकडे न बघता ती बोलत होती, आणि ते भिकुबाईला चढलेल्या आवाजाहून वाईट वाटलं.

श्रावणातला शनिवार होता. उद्या घरात कानबाई, नारळाच्या रूपात पुजली जाणारी देवी, बसायची. ओसरीवर धुऊन वाळवलेले गहू पसरले होते. घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू नव्या टोपलीत टाकायचे, घरच्या बाईनेच ते दळायचे आणि त्या पिठाचे रोट घरच्यांनीच खायचे, अशी खानदेशातली रीत. शेजारच्या लेकराच्या हातावर तुकडा ठेवायचा नाही, की उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही. लग्न होऊन आली त्या वर्षापासून हे दळण भिकुबाईकडे होतं. त्या दिवशी ती पहाटे न्हायची, तुळशीला पाणी घालायची आणि दळण संपेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायची नाही. ओठांत कानबाईचं नाव आणि हातात जात्याचा खुंटा, एवढंच तिचं व्रत.

“काय व्हयनं, माय?”

“हिंमतरावले इचार.”

हिंमतराव थोरला दीर. अंगणात बसून बैलाचं दावं वळत होता. भिकुबाई त्याच्याशी कधी समोरासमोर बोललेली नव्हती. जे सांगायचं ते पदराआडून, सासूच्या मार्फत. त्यामुळे तिने विचारलं नाही आणि त्यानेच वर न बघता सांगून टाकलं.

“इचारानं काय त्यामा? आजलोंग घरमा साठ उनात. मंगळवारी मी मन्हा डोयास्नी देखं, डाकवालानी अठ्ठ्याऐंशी मोज्यात.”

आता भिकुबाईला उमगलं, की मंगळवारपासून घरात तिच्याशी कुणी धड का बोलत नव्हतं.

तिचा नवरा भिला धाकटा. नवापूरकडे रेल्वेच्या रुळांवर काम करता करता ओळखी झाल्या, आणि नंदुरबारच्या वाहिद फिटरबरोबर तो मुंबईहून आगबोटीत बसून आफ्रिकेला गेला. तिकडे इंग्रजाचीच रेल्वे, रूळही तसलेच, फक्त कडेने सिंह फिरतात, असं त्याने पहिल्या पत्रात लिहवून घेतलं होतं. तीन-चार महिन्यांनी त्याची मनीऑर्डर यायची, भिकुबाईच्या नावावर. बाजाराच्या दिवशी ती बायकांबरोबर नंदुरबारला जायची, डाकघरात अंगठा उठवायची, साठ रुपये पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि गाठ न सोडता सासूच्या पुढ्यात ठेवायची. इतकी वर्षं असंच चाललं होतं. या वेळी बैलगाडीत हिंमतराव होता. बियाणं घ्यायचं होतं म्हणून तो डाकघराच्या पायरीपर्यंत आला, आणि त्याने ते पैसे मोजताना पाहिले. शाळामास्तरांनी वाचून दाखवलेल्या पत्रात मात्र भिलाने स्वच्छ लिहिलं होतं : नेहमी पाठवतो तितकेच पाठवले आहेत.

पैसे वाढले होते, आणि ती चोर ठरली होती.

“नेहमी तितलाच पाठाडस, तो सोता सांगस,” हिंमतराव म्हणाला. “मंग एवढा दिन वरना कोठे जायेत? मी संगे व्हतू म्हनीसन या खेपले पुरा उनात. अन् मांगला साल तुन्हा भाऊनी बैल लिधा.”

“त्यानी शेंगा इक्यात, माय,” भिकुबाई सासूला म्हणाली. “त्यास्ले सांगा.”

“शेंगास्मा बैल येस का?” हिंमतराव म्हणाला.

“दोन साल इक्यात तवय उना, माय.”

हिंमतरावने दावं बाजूला टाकलं. “मंग एक काम कर. उद्या कानबाई बसी. नारयवर हात ठेव अन् सांग, मी काही लिधं नही. आम्ही मानसूत. बात सरी.”

कौसाबाईने आता पहिल्यांदा सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत आशा होती. भिकुबाई नारळावर हात ठेवणार, यात तिला शंका नव्हती. रोज देवाचं नाव घेतल्याशिवाय जिच्या घशाखाली घास उतरत नाही, तिला शपथेचं काय जड?

पण भिकुबाई सूप बाजूला सारून उभी राहिली.

“माय, त्यास्ले सांगा, मी शपथ लेवाव नही.”

“कसाले वं?” सासू कळवळली. “खरी शे ना तू? मंग कसानं भ्याव?”

“खरी शे म्हनीसनच.”

याहून जास्त तिला सांगता येईना. कानबाईपुढे तिने आजवर कधी मुलगा मागितला नव्हता, की पाऊस. फक्त सेवा केली. आणि आता त्याच देवीला डाकघराच्या हिशोबात साक्षीला ओढायचं? आज शपथ घेतली, तर उद्या तुपाचं गाडगं रितं दिसलं तरी म्हणतील, ठेव हात. ज्या घरात शब्दावर विश्वास नाही त्या घरात नारळ किती दिवस पुरणार? ते पैसे का वाढले हे तिलाही ठाऊक नव्हतं. आपण घेतले नाहीत एवढंच ठाऊक होतं, आणि तेवढं पुरे होतं.

“वाहिदभाऊ रजावर उना शे म्हने,” ती एवढंच म्हणाली. “तो आफ्रिकामा त्यास्ना संगे ऱ्हास. त्याले बलावा, इचारा.”

“दोस्तार दोस्तारनीच बाजू लेई,” हिंमतरावने तोडून टाकलं. “शपथ नही ते दयनले हात लावू नको. रोट सरथीन तवलोंग माहेर जाय.”

त्या संध्याकाळी टोपलीत मुठी पडल्या. सासूच्या नावाची, हिंमतरावची, त्याच्या मुलांची, आफ्रिकेतल्या भिलाचीही पडली. भिकुबाईचं नाव कुणी घेतलं नाही. जात्यावर मोठी जाऊ बसली. तिला ती सवय नव्हती. जातं अडत अडत फिरत होतं, आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या भिकुबाईला ते ऐकवत नव्हतं.

माहेरी ती गेली नाही. गेली असती तर पळाली म्हटलं असतं. तिने दोनच कामं केली. नंदुरबारला निघालेल्या एका गाडीवाल्याजवळ वाहिदसाठी निरोप दिला. आणि रविवारी उजाडायच्या आत न्हाऊन, तुळशीला पाणी घालून, ती पुन्हा ओट्यावर येऊन बसली. दाराच्या अगदी शेजारी. कानबाईच्या दर्शनाला येणाऱ्या प्रत्येक बाईला तिच्यासमोरूनच आत जावं लागणार होतं.

“काय वं भिकू, आज बाहेर कशी?” पहिली शेजारीण थबकली.

“माले चोर सांगतस. मी शपथ नही लिधी. म्हनीसन बाहेर शे.”

ज्वारीचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं. रडली नाही, की पदर डोळ्यांना लावला नाही. दुसरीने विचारलं, तिला तेच सांगितलं. तिसरीलाही. आत चौरंगावर नथ घातलेली, हार ल्यालेली कानबाई बसली होती. बायका आत जायच्या, गाणं सुरू करायच्या, आणि गाणं मध्येच तुटायचं. कारण सगळ्यांचं लक्ष दाराकडे.

गल्लीतली एक म्हातारी काठी टेकत बाहेर आली आणि आत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “मंग कानबाईले भी बाहेर आनी बसाडा ना! तिनी भी कव्हय शपथ लिधी नही.”

बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या. हिंमतराव मागच्या दाराने गोठ्यात गेला.

दुपार कलल्यावर आईच्या कानाशी येऊन तो पुटपुटला, “तिले घरमा ली. लोके देखी ऱ्हायनात.”

“मी काय सांगू तिले?” कौसाबाई म्हणाली. “तुनीच बाहेर काढी ना?”

वाहिद आला तेव्हा ऊन ओट्यावरून उतरलं होतं. अंगात विलायती कापडाचा कोट, पायात बूट, आणि बोलणं मात्र अजून नंदुरबारच्या गल्लीतलंच. त्याने भिलाने दिलेला रंगीत कापडाचा तुकडा कौसाबाईपुढे ठेवला, भिलाची खुशाली सांगितली, मग ओट्यावर बसलेल्या भिकुबाईकडे पाहिलं आणि गाडीवाल्याने जे सांगितलं ते त्याला पटलं.

“हिंमतभाऊ, तुम्ही येडा का खुया?” तो म्हणाला. “पैसा भाबीनी नही वाढावात. सरकारनी वाढावात.”

“सरकार कव्हयपासून वाढी दी ऱ्हायनं?”

“ऐका ते खरं. पहिले तठे भी आपलाच रुपया चाले. भिला तठे साठ टाके, आठे साठच निघेत. मंग तठला सरकारनी आपला रुपया बंद करा, नवं नाणं काढं. त्यानी किंमत बांधी, इंग्रजना दोन शिलिंग. अन् आठे आपला रुपया घसरी गया. आते दोन शिलिंगले आठे दीड रुपया मियस. तठे साठ टाकात, आठे नव्वदना आंगेमांगे निघतस. मन्हा घर भी तसंच व्हयनं. मन्ही बायको माले इचारे, तुम्ही पगार लपाडतात का आजलोंग!”

हिंमतराव हसला नाही. “रुपया तो रुपया. आठला काय अन् तठला काय.”

शहरातले व्यापारी या चढउताराला हुंडणावळ म्हणत आणि सकाळी उठून आधी तिचा भाव विचारत. या गावात तो शब्द अजून पोचला नव्हता. वाहिदने अंगणभर नजर फिरवली आणि कोपऱ्यातली पायली उचलली.

“मायजी, तुम्ही सांगा. खापर गावना बाजारनी पायली अन् आपली पायली एक शे का?”

“नही रे भाऊ. तठली मोठी शे.”

“तठे एक पायली ज्वारी लिधी, अन् घर ईसन आपली पायलीघाई मोजी, ते?”

“वर निघस.”

“मंग ती वरनी ज्वारी कोनी चोरी व्हती का?”

कौसाबाईने जन्मभर धान्य मोजलं होतं. पायली मोठी होते, लहान होते, दाणे तेवढेच राहतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. ती उठली, आत गेली आणि मूठभर गहू घेऊन दारात आली.

“भिकू, ऊठ माय. तुन्ही मूठ ऱ्हाई गयी. चाल, आते दयी लेसूत.”

हिंमतरावने घसा खाकरला. “माले काय ठावं? कोन्हाले भी तसंच वाटतं. व्हयनं ते व्हयनं. मधमा जाय म्हना तिले.”

भिकुबाई उठली. पदर डोक्यावर नीट घेतला. पण या वेळी तो तोंडावर ओढला नाही. थोरल्या दिराकडे सरळ पाहून ती म्हणाली, “दादा.”

अंगणातल्या बायका दोन पावलं मागे सरल्या. वाहिदनेही मान खाली घातली.

“काल तुम्ही माले सांगं, नारयवर हात ठेव. मी नही ठेवा. आज मी तुम्हले हात ठेव म्हनत नही. देवीले मधमा लेवानं नही. आठेच, या बठ्ठास्ना समोर, नुसतं तोंडघाई सांगा : भिकूनी काही लिधं नही, मी चुकनू.”

ती हळूच बोलली होती. तिला मोठ्याने बोलता येतच नसे. पण ओट्यापासून विहिरीपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

हिंमतरावचा चेहरा तांबडा झाला, मग काळवंडला. ओठ एकदा हलले. “थोरला मानूस आते वहूना समोर हात जोडी का?” असं काहीतरी म्हणून त्याने पागोटं उचललं आणि तो शेताच्या वाटेला लागला.

भिकुबाई त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. मग सासूची गव्हाची मूठ तिने तिच्याच हातात हलकेच मिटली.

“ऱ्हाऊ द्या, माय. चोर नही म्हनीसन मधमा लेतस, अन् चोर व्हती हाई सांगेल शब्द तसाच ऱ्हास. मी ते घरमा रोट खावाव नही.” आणि वाहिदकडे वळून म्हणाली, “भाऊ, आफ्रिकामा गया का त्यास्ले सांगजो. मी आठेच शे. माहेर गयी नही. पन चूल दुसरी शे.”

घराच्या कडेची बैलांची पडवी तिने सारवून घेतली आणि तिथे तीन दगडांची चूल मांडली. गावाने चार दिवस नावं ठेवली. नवरा परदेशात, आणि बाई वेगळी निघते! पावसाळा सरता सरता भिलाचं उत्तर आलं. मास्तरांनी वाचलं : तुला बरं वाटेल तसं राहा, मी आल्यावर भिंत घालू. मनीऑर्डरीतला सासूचा वाटा भिकुबाई पहिल्यासारखाच पुढ्यात नेऊन ठेवत राहिली. कधी तो वाढायचा, कधी घटायचा. कौसाबाई मोजत नसे.

पुढच्या श्रावणात एकाच घराच्या दोन दारांत दोन कानबाया बसल्या. शनिवारी तिन्हीसांजेला म्हातारी कौसाबाई पडवीत आली आणि टोपलीपाशी उभी राहिली.

“मन्ही मूठ कोन्हा टोपलीमा टाकू वं?”

मग ती स्वतःच म्हणाली, “तठे एक मूठ टाकी उनी शे,” आणि चिमूट चिमूट करून उरलेली पाव मूठ तिने भिकुबाईच्या टोपलीत सोडली.

सोमवारी कानबाया तापीला निघाल्या. पुढे डफ, मागे बायकांची गाणी. मोठ्या घरची मिरवणूक आधी निघाली होती, हिंमतराव सर्वांत पुढे. गल्लीच्या तोंडाशी वाट अरुंद होते, एका वेळी एकच चौरंग जातो. तिथे पोचताच त्याने हात वर करून डफ थांबवला. मागची माणसं एकमेकांवर आदळली. काय झालं, कुणाला कळेना. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आपल्या माणसांनाही त्याने कडेला केलं, आणि पागोटं काढून हातात धरलं.

मोकळ्या झालेल्या वाटेने मागून आलेली भिकुबाई पुढे झाली. तो उभा होता तिथून जाताना तिचं पाऊल मंदावलं नाही, की घाईचंही झालं नाही. डोक्यावर कानबाईचा चौरंग होता. मान वाकवता येण्याजोगी नव्हती. आणि वाकवायची तिची इच्छाही नव्हती.