केसांच्या गोळ्या आणि आत्याची मान

आमच्या विभागात शिरलं की आधी वास येतो, माणसं नंतर दिसतात. संसर्गजन्य रोग आणि थायरॉइड असे दोन संसार एकाच पॅसेजमध्ये मांडलेत आणि फ्रीजही दोघांत एकच. वरच्या कप्प्यात रक्ताच्या नळ्या, मधल्यात पेशंटांनी आणलेले शौचाचे डबे, खालच्यात साहेबांचं दही. साहेब ते रोज दुपारी मिटक्या मारत खातात. तो आवाज ऐकून ऐकून मी दुपारचं जेवण सोडलंय.

साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख, मी त्यांच्या हाताखालची ज्युनियर डॉक्टर. पाठीमागे सगळे त्यांना गलगंडसाहेब म्हणतात. कारण कुणी भेटलं की नमस्कार-बिमस्कार नाही, थेट गळ्याला हात घालायचा आणि म्हणायचं, "गिळा." आपण गिळतो. शिपायानं गिळलंय, पाहुण्यांनी गिळलंय, विजेचं मीटर बघायला आलेला माणूसही एकदा गिळून गेला. आधी कुणाचा गळा चाचपला होता आणि मधे हात धुतले का, हे मात्र विचारायचं नसतं.

तर साहेबांना शोध लावायचा होता. टायफॉइड होऊन गेलेल्या माणसांची थायरॉइडची ग्रंथी पुढे बिघडते, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी दोन गट केले. एक टायफॉइड झालेल्यांचा, एक न झालेल्यांचा. प्रत्येकानं अधूनमधून येऊन नळीभर रक्त द्यायचं आणि एक डबा भरून आणायचा. रक्ताला लोक तयार होते. डबा म्हटलं की प्रत्येकाच्या घरी कुणीतरी अचानक आजारी पडायचं.

तेवढ्यात एका औषध कंपनीनं केसांच्या गोळ्यांचे खोके पाठवले. मुदत संपत आलेली, फेकायच्या कुठं, म्हणून आम्हाला भेट. टायफॉइडनंतर केस गळतातच. साहेब म्हणाले, "डबा आणा, गोळी घ्या." लोक गोळ्या घरी नेऊन शेजाऱ्यांना वाटतील म्हणून सिस्टरांनी वर आणखी नियम काढला. इथंच, माझ्यासमोर गिळायची, जीभ उचलून दाखवायची, मग बाकड्यावर बसायचं, मग रक्त. टायफॉइड न झालेल्यांना गोळी नाही. त्यांचे केस जागेवर होते.

दारापर्यंत रांग लागली. डबे ठेवायला जागा पुरेना, तेव्हा दही थोडं सरकवलं.

आणि रिपोर्ट असे आले की बघत राहावं. टायफॉइड झालेल्या झाडून सगळ्यांचं थायरॉइड सुसाट धावतंय. न झालेल्यांचं अगदी शहाण्या मुलासारखं. साहेबांनी त्या आनंदात एकाच वेळी दोघांचे गळे चाचपले.

त्या सुसाट लोकांत माझी आत्या होती. आता, थायरॉइड असं धावायला लागलं की माणूस वाळतो, हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते. आत्या आमच्या बाकड्यावर चक्क घोरत होती. तिचं वजन केलं तेव्हा सिस्टर दुसरा काटा घेऊन आल्या.

"सर, हिला लक्षण एकही नाही," मी म्हटलं.

"छुपा प्रकार आहे," साहेब म्हणाले. "बाहेरून म्हैस, आतून घोडा."

"सर, आत्या आहे माझी."

"म्हणून तर चांगलं उदाहरण दिलं."

आणि त्यांनी ठरवून टाकलं की आत्याला रेडिओॲक्टिव्ह आयोडीनचा डोस द्यायचा. म्हणजे ग्रंथी आतल्या आत जाळून टाकायची. एकदा जळली की जळली, मग जन्मभर रोज थायरॉइडची गोळी. परिषदेत पहिली केस म्हणून आत्याचा फोटो दाखवायचा होता त्यांना. मी म्हटलं, आधी स्कॅन तरी करू. तर म्हणे मशीन दुरुस्तीला गेलंय, आणि आकडे कधी खोटं बोलतात का?

आत्याला मी विचारलं, तर ती म्हणाली, "तू आहेस ना तिथं? मग मला कशाला विचारतेस?" त्या दिवसापासून माझीच झोप उडाली.

डोसच्या दिवशी सकाळी शेवटचे रिपोर्ट आले. न झालेल्यांच्या गटात माणसं कमी पडली म्हणून साहेबांनी स्वतःचंही रक्त दिलं होतं. नमुन्यांवर नुसते नंबर असतात आणि कुठला नंबर कुणाचा हे माझ्याकडे असतं. सगळे शहाणे, एकच नंबर उधळलेला, आत्याच्याही पुढे. मी तो कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. टेबलावर दह्याची वाटी होती.

"सर, ह्या माणसाचं काय करायचं?"

साहेबांनी चष्मा वर केला. "अरे बाप रे. हा हिंडतोय कसा? ह्याला आजच डोस द्या. आत्याबाईंच्या आधी."

"हिंडत नाहीये सर. दही खातोय."

साहेबांनी चमचा खाली ठेवला. स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि गिळून बघितलं. मग टकलावरून हात फिरवत शांतपणे म्हणाले, "माझं वेगळं आहे. मी त्या केसांच्या गोळ्या घेतो. त्यातल्या बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वानं आपलं रक्त तपासायचं मशीन फसतं. थायरॉइड ठणठणीत असलं तरी धावतंय असं दाखवतं."

हे मीही परीक्षेसाठी घोकलं होतं आणि पास झाल्याबरोबर सोडून दिलं होतं. साहेबांनी मात्र जपून ठेवलं होतं, स्वतःपुरतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"त्यात काय. पुस्तकात आहे."

"मग आत्यानंही तीच गोळी खाल्लीय. सगळ्यांनी खाल्लीय. आपणच तर चारतोय."

"पण त्यांना टायफॉइड झालेला होता ना," साहेब म्हणाले. "मला नाही. माझा रिपोर्ट काढून टाका, गट कसा स्वच्छ पाहिजे. आणि आत्याबाईंना तयार ठेवा."

मग त्यांनी वाटी चाटली.

मी थेट आत्याच्या खोलीत गेले. ती हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये डुलक्या काढत होती. शेजारी शिशाच्या डब्यात तिचा डोस तयार.

"आत्या, ऊठ. काहीही घ्यायचं नाही. तुझं थायरॉइड चांगलं आहे. केसांच्या गोळीनं रिपोर्ट बिघडतोय."

"आणि हे तुमच्या साहेबांना?"

"माहीत आहे. त्यांचाही बिघडलाय. ते स्वतःचा काढून टाकतायत, तुझा ठेवतायत."

आत्या उठली, गाऊन मागून धरला आणि सरळ रांगेपुढे जाऊन उभी राहिली. "ऐका रे. ती गोळी गिळू नका. आजार-बिजार काही नाही, गोळीनंच सगळ्यांना आजारी ठरवलंय. मला तर आज जाळणार होते."

सिस्टरांनी नुकत्याच गोळ्या दिल्या होत्या. काही पोटात गेल्या होत्या, काही जिभेखाली होत्या. थू, थू, थू करत लोकांनी जिभेखालच्या सगळ्या त्या गोळ्यांच्या खोक्यातच थुंकल्या. गुलाबी, फुगलेल्या, लाळेच्या तारा लोंबणाऱ्या. बघवत नव्हतं.

साहेब बाहेर आले. खोक्यात वाकून बघितलं. "पुसून वाळवा," सिस्टरांना म्हणाले. "उद्या नवी माणसं येतायत, त्यांना काय कळतंय."

सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. मी खोकं उचललं आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत उलटं केलं. आदल्या दिवशीचे सगळे डबे आम्ही तिच्यातच रिकामे केले होते.

"काढा त्या," साहेब म्हणाले.

कुणी पुढे झालं नाही. मग साहेबांनीच बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. चाचपायची सवय होतीच.

रांग भिंतीला चिकटली. आत्यानं नाकावर हात धरला. "मी कपडे बदलून येते," ती मला म्हणाली. "दुसरं दार असेल तर त्या दारानं जाऊ. आणि तूही तुझी पर्स घे."