उबदार माल

मुकादमाला आपल्या मेहुण्याची किळस यायची. पण खाण मेहुण्याची, शेठ तोच, बायकोचा सख्खा भाऊ, तेव्हा बोलणार काय, कपाळ! जुना कोळसा आधी विकायचा, ही धंद्याची साधी रीत. ढिगात फार दिवस पडला की तो आतल्या आत तापतो नि धुमसायला लागतो. शेठला मात्र जुन्यावरच नवा ओतत जायची खोड. गिऱ्हाईक यायचं असलं की दर्शनी बाजूला चकचकीत ढेकळं रचायची, मागे दगड आणि चुरा. वजनाआधी वरून पाण्याचा पाइप सोडायचा. शी!

आज ढिगाला रॉकेलसारखा उग्र वास येत होता. मुकादमानं लोखंडी सळई आत खुपसली, जरा ठेवून बाहेर ओढली. टोकाला बोट लागताच "आई गं!" करून त्यानं ती खाली टाकली.

"शेठ, ढीग आतून पेटलाय. पसरून थंड करू द्या."

"भाऊजी, तुमचं आपलं रोजचं रडगाणं! पेटलाय ना, मग आजच खपवू. राख झाल्यावर कोण घेणार?" शेठ दात काढत म्हणाला. "म्हणून तर गाडी जावईबापूंची लावली. घरचा माणूस, बोंब मारायचा नाही."

जावईबापू म्हणजे मुकादमाच्या लेकीचा नवरा. त्याचा ट्रक याच ढिगातून भरून, वजन होऊन उभा होता. लांबच्या वाटेला निघालेले ड्रायव्हर थंडीत भरलेल्या मालावर ताडपत्री ओढायचे आणि वरच अंग टाकायचे. केबिनमध्ये पाय पसरत नाहीत ना! जावयानं गोधडी अंथरूनही ठेवली होती.

"मामा, माल काय उबदार आहे हो!" तो वरून सासऱ्याला म्हणाला. "आज मस्त झोप लागणार."

मागच्या थंडीत असाच एक ड्रायव्हर मुकादमानं खाली उतरवला होता. अंगावर चटका नाही, काही नाही. धुमसत्या कोळशाच्या विषारी वायूनं झोपेतच संपला होता. आणि हा शेठ नाकाला रुमाल लावून म्हणाला होता, "नशीबवान हो, त्रास नाही झाला."

"उतरा खाली, जावईबापू. आधी उतरा!" जावई गोंधळून उतरला. मुकादम शेठकडे वळला. "लाज वाटते का हो? तुमच्या भाचीचं कुंकू आहे ते!"

"मग केबिनमध्ये झोपा म्हणावं! एवढं काय त्यात?"

मुकादमानं पडलेली सळई उचलली. ट्रकच्या मागे जाऊन त्यानं सळईनं खिट्टी ठोकली आणि फाळका धाडकन पाडला. कोळसा घळाघळा खाली आला. वरचा काळा, आतला लालभडक. वारा लागताच त्यानं पेट घेतला. ताडपत्रीबरोबर गोधडीही घसरत आली आणि कडेनं जळायला लागली.

"गाडी पुढे घ्या!" मुकादम ओरडला. जावयानं उडी मारून ट्रक पुढे काढला नि परत येऊन जळत्या गोधडीकडे बघत राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

शेठही बघत होता. आता तरी याला काही वाटेल, म्हणून मुकादम त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"भाऊजी," शेठ कळवळून म्हणाला, "अहो, वजन झालं होतं त्याचं!"

मुकादम थुंकला. सळई त्यानं शेठच्या पायाशी टाकली.

"चला घरी," तो जावयाला म्हणाला. "पोरीला सांगू, दोघांचंही काम सुटलं. गोधडी काय, ती दुसरी शिवेल."