बाबांच्या नाकाचे उपकार

सर्दी दीड वर्षांच्या ठमीला झाली होती आणि नाकी नऊ आले होते तिच्या आईच्या. ठमी छातीशी यायची, दोन घोट प्यायची, बंद नाकाने श्वास अडला की तोंड सोडून भोकाड पसरायची. सकाळपासून ती पोटभर प्यायलीच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पाजण्याआधी नाकात सलाईनचे थेंब घालायला सांगितले होते. पण बाटली दिसताच ठमी आईच्या खांद्यात नाक खुपसायची.

"आधी माझ्या नाकात घाल, ठमाबाई," म्हणत बाबा जमिनीवर आडवे झाले.

याच नाकाबद्दल लग्नात मावशी म्हणाली होती, "नाक पोचलं, आता नवरदेवही येतीलच." आईला ते तेव्हा मनोमन पटलंही होतं.

ठमीने अख्खी बाटली त्या नाकात पिळली. बाबा असे शिंकले की खिडकीतलं कबूतर उडालं. ठमी खिदळली आणि आपणहून त्यांच्या शेजारी आडवी झाली.

नव्या बाटलीतले थेंब पडले. शेंबूड पुसून आईने तिला उभं धरून पाजायला घेतलं. ठमी घटाघटा पिऊ लागली. या वेळी तोंड सुटलं नाही.

"अजून एकदा शिंकू का?"

"गप पडा," आई डोळे पुसत म्हणाली, "आणि यापुढे त्या नाकाला कुणी नावं ठेवली, तर मला येऊन सांगा."