हद्दीच्या दगडाआतलं पाणी

या सौद्यात लखीराम राठोडला मिळणार होते फक्त दोन तास. पण दोन तासांत काय काय मावत होतं ते पाहा: लेकीची बंजारा तांड्यातली शेवटची तीज, बायकोच्या तोंडून एखादा गोड शब्द, आणि तांड्याचा प्रमुख भीमसिंग नायक, त्याच्यासमोर ताठ मान. तीज कुमारिकांचीच. लेकीचं, राखीचं लग्न ठरलेलं, म्हणजे पुढच्या वर्षी ती नुसती पाहुणी. नऊ दिवस टोपलीत गहू उगवायचा आणि दहाव्या दिवशी ते हिरवे कोंब नदीत सोडायचे. सोडण्याची जागा पिढ्यांपासून ठरलेली, आता नेमकी धरणाच्या खालच्या अंगाला, पात्रात आलेली. आणि धरणाचे दरवाजे लखीरामच्या हाती.

दुपारी तीनला अंकुर साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे धरणावरचे नवे अभियंता, त्या दिवशी यवतमाळला बैठकीत.

"लखीराम, वर जोराचा पाऊस आहे. साडेतीनला भोंगा दे, चारला दोन दरवाजे उचल. पातळी किती?"

लखीरामने मोजपट्टीकडे पाहिलं. पाणी दरवाज्याच्या कडेला लागायला जागा उरली होती वीतभर.

"हातभर जागा हाये साहेब. सहाले उचलतो."

"नक्की? पन्नास वर्षांचं धरण आहे. टर्बाइन दुरुस्तीला, तिकडूनही पाणी जात नाही."

"मी हाये ना साहेब."

नोंदवहीतही त्याने हातभरच लिहिलं. हिशोब साधा होता: पोरी चारला निघतील, साडेपाचला मोकळ्या होतील. फक्त नायकाच्या परवानगीशिवाय तांड्यातली टोपली जागची हलत नाही, आणि नायक गेला होता महागावच्या बाजाराला. तो वेळेवर येईल असं लखीरामने धरलं. जन्म तांड्यात गेलेल्या माणसाने हे धरावं!

साडेचारला मारोतरावांचा फोन आला. यांचं शेत धरणाच्या वरच्या अंगाला, पाण्याला लागून. धरणाने जमीन घेतली तेव्हा बांधावर हद्दीचा दगड रोवला. दगडाच्या आतलं सरकारचं, बाहेरचं मारोतरावांचं.

"लखीराम, पाणी दगडाले टेकलं ना बा! दरवाजे काहून नाही उचलले?"

"उचलून राह्यलो भाऊ. साहेबाचा फोन येऊ द्या."

"साहेबाले माह्या सोयाबीनच्या शेंगा पाठवू काय, पाहाले?"

शेत ताटासारखं सपाट. बोटभर पातळी वाढली की पाणी दहा पावलं आत शिरायचं.

पाचला लखीरामने वहीत पुन्हा खोटा आकडा भरला. पहिला खोटा असला की दुसरा खरा लिहिता येत नाही. साडेपाचला बायकोचा, मानीबाईचा फोन.

"नायक आला एकदाचा. निघालो आम्ही. पाणी सोडू नका बरं!"

"विहिरीवर न्या ना पोरींले."

"विहिरीत तीज? डोकं ठिकाणावर हाये ना? धरण तुमच्या हातात, अन् तुमच्याच पोरीची तीज विहिरीत!"

भोंगा हाताने फिरवायचा. दांडी फिरवली की कोसभर ऐकू जायचा. लखीरामने तीनदा दांडीला हात लावला, तीनदा काढला. दरवाज्याच्या वरच्या कडेवरून पाणी उडायला लागलं होतं. तीन दरवाज्यांपैकी एक दोन वर्षांपासून गंजून बसलेला. उरलेल्या दोघांनी ऐन वेळी दगा दिला तर?  

सव्वासहाला मारोतराव स्वतःच आले, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांनी कठड्यावरून खाली पाहिलं. पात्रात चौदा पोरी, डोक्यावर चौदा टोपल्या, गाणं रंगात आलेलं. मधोमध राखी.

"हा होय तुह्या साहेबाचा फोन!"

"दहा मिनिटं भाऊ. पाया पडतो. तिची शेवटची तीज हाये."

"दहा मिनिटात किती पावलं जातात ते मी मोजतच आलो." मारोतरावांनी दांडी धरली. मग थांबले. "पोरी एकदम भेतील, पडतील. तू आवाज दे आधी."

लखीराम राखीकडेच पाहत राहिला. मारोतरावांनीच दोनदा "पोरींनो, वर या!" म्हणून हाक मारली आणि भोंगा फिरवला.

गाणं तुटलं. टोपल्या पाण्यात पडल्या, पोरी काठाकडे धावल्या. राखी सगळ्यात मागे, घागरा आवरत. लखीरामने चौदा मोजल्या. पुन्हा मोजल्या. तेरा झाल्या. तिसऱ्यांदा चौदा भरल्या तेव्हा कुठे त्याने दरवाज्यांची कळ दाबली.

पहिला दरवाजा उचलला. दुसरा कण्हला, वीतभर वर आला आणि तिथेच अडला. मारोतरावांच्या शेतातलं पाणी उतरायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली.

चार दिवसांनी पंचनामा झाला. सोयाबीन पिवळं पडून आडवं झालेलं. अंकुर साहेबांनी नोंदवही उघडली.

"नोंदीप्रमाणे पाणी दगडाच्या आतच होतं. मग हे शेजारच्या नाल्याचं पाणी. धरणाचं नुकसान म्हणून धरता येणार नाही."

"लखीराम, तूच सांग ना बा," मारोतराव म्हणाले.

लखीराम रोजंदारीवरचा माणूस. खरं बोलला असता तर संध्याकाळपर्यंत हजेरीपटावरून नाव गेलं असतं. तो बुटाकडे पाहत म्हणाला, "आतच होतं साहेब."

"मंग आमचं वावर काय आमच्या रडण्यानं भरलं?" मारोतरावांच्या बायकोने, भागीरथाबाईने विचारलं. पंचनाम्यात हे लिहायला रकाना नव्हता.

तर राखीची तीज झाली, घाईत का होईना. मानीबाईचं नाक राहिलं. नायकाला उशिराबद्दल कोणी विचारलं नाही. साहेबांची फाइल स्वच्छ, लखीरामचं नाव हजेरीपटावर कायम. भरलं ते मारोतरावांनी आणि भागीरथाबाईंनी: सव्वादोन एकर, शेंगांसकट.