१९१३चा दुसरा संदर्भ

अरुणने बनवलेल्या 'इकाझुची' जहाजाच्या मॉडेलचं चौथं धुराडं दोन अंशांनी उजवीकडे कललं होतं. मी कोनमापकाने मोजलं. गेल्या हिवाळ्यापासून त्याचे हात थरथरतात. सरळ करू का विचारलं, तर म्हणाला, "राहू दे. समुद्र हलतोच."

तीस वर्षं त्याने शिकागोभोवतीच्या कारखान्यांतले बॉयलर तपासले. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. खुर्चीत पडल्या पडल्या या जुन्या जपानी विनाशिकेचा सेवा-इतिहास सांगतो आणि मी तो नेपरव्हिलच्या मॉडेल क्लबसाठी लिहून घेते. लंडनमध्ये बांधणी, १९०४ला पोर्ट आर्थर, १९०५ला त्सुशिमा. माझी अट एकच, प्रत्येक घटनेला दोन संदर्भ. प्रयोगशाळेतली सवय.

मे महिन्यापासून आम्ही १९१२वर अडकलो होतो. पुढच्या वर्षी तिचा बॉयलर फुटला आणि ती बुडाली. दुसरा संदर्भ मिळत नाही, असं मी सांगत होते. तो मला मे महिन्यातच मिळाला होता.

हा इतिहास लिहून झाला की डायलिसिस थांबवायचं, असं अरुणने ठरवलं तेही तेव्हाच. वजन अठ्ठेचाळीस किलो, पायाची दोन बोटं काढलेली. आश्लेषाला, आमच्या मुलीला, मी सांगावं एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं, मग तिसऱ्या. कुणीच वेगळं बोललं नाही.

आज शुक्रवार. सुया काढल्यावर रक्त थांबायला बावीस मिनिटं लागली. घरी येऊन तो कोचावर आडवा झाला.

"नीला, १९१३ लिही."

"संदर्भ..."

"लॅपटॉपवर आहे. फाइलला नावच 'संदर्भ दोन' दिलंयस. खोटं तरी धड बोलावं माणसाने." तो हसला, मग बराच वेळ खोकला. "मी भिडेखातर एकाही बॉयलरला मुदतवाढ दिली नाही. तू मला पाच महिने दिलेस. पुरे आता."

बॉयलर फुटल्याचं वाक्य मी लिहिलं. त्याला वाचून दाखवलं. मग आश्लेषाला पार्सिपनीला फोन लावला.

"आई, पटकन बोल, मीटिंगमध्ये आहे. बाबा ओके आहेत ना?"

"नाहीत. बाहेर येतेस?"

दार लागल्याचा आवाज आला. "ऐक, मला प्रिन्स्टनला एक नवीन डॉक्टर सापडलेत, त्यांची अपॉइंटमेंट..."

"आता कुणालाही विचारायचं नाही, आशू. सोमवारपासून बाबा डायलिसिसला जाणार नाहीत."